फोन विकू नका, खटला त्यातच आहे

प्रश्न: सव्वादोन वर्षांपूर्वी मित्राला 3 लाख रुपये हातउसने दिले, बँकेतून. लिखापढी नाही. ‘दिवाळीनंतर नक्की देतो’ असे त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत. आता तो म्हणतो, स्क्रीनशॉट बनावट आहेत आणि पैसे मागितल्याचा मेसेज मला मिळालाच नाही. प्रिंट काढून ठेवल्यात. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देतोय. चालेल ना?

उत्तर: नाही. आधी ते एक्स्चेंज थांबवा.

स्क्रीनशॉटवर नाव दिसतं ते तुम्ही सेव्ह केलेलं. उद्या मी माझ्या मेव्हण्याचा नंबर तुमच्या मित्राच्या नावाने सेव्ह करून हवा तो संवाद घडवू शकतो, आणि समोरचा वकील उलटतपासणीत पहिलं हेच विचारेल. मूळ फोन हातात असला की या प्रश्नाची धार जाते. जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं, की मूळ उपकरण मालकाने स्वतः कोर्टात सिद्ध केलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दाखल करायची तर लागतंच. मी तरी प्रमाणपत्र जोडल्याशिवाय प्रिंट दाखल करत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्याचे दोन भाग: एक तुमच्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, लिहायची असते. एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा बदलतो.

‘मिळालाच नाही’चं काय? तुम्ही पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरा, ‘इन्फो’ उघडा. पोचल्याची वेळ दिसेल, आणि मित्राने निळ्या खुणा बंद केल्या नसतील तर वाचल्याचीही. 2018 साली क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी मुंबई उच्च न्यायालयात याच खुणांवरून नोटीस पोचली आणि उघडलीही, असं मानलं होतं. पण खुणा फोन कोणाच्या हातात होता ते सांगत नाहीत. त्यासाठी तो नंबर त्याचाच, हे दाखवावं लागेल. मोबाइल कंपनीकडची नोंद कोर्टामार्फत मागवता येते.

बँकेचा उतारा आजच काढा. चॅटमधला एकही मेसेज डिलीट करू नका, तुमच्या शिव्यासुद्धा. अर्धवट चॅट जास्त संशयास्पद दिसतं.

परतफेडीची तारीख ठरली नसेल तर दाव्याची 3 वर्षांची मुदत पैसे दिल्या दिवसापासून धावते. ‘देतो’ या मेसेजने ती वाढली, या भरवशावर बसू नका. नोटीस या महिन्यातच पाठवा. व्हॉट्सॲपवर टाका, पण स्पीड पोस्टानेही, पोचपावतीसह.