कोटिंग-पॉलिमरमध्ये पीएचडी करून कोल्हापुरात प्राध्यापक म्हणून करिअर होतं का?

होतं. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, "टेस्टिंग टेक्निशियनवर सोपवून पेपरवरच लक्ष दिलं तर चालेल ना?" चालणार नाही, आणि उत्तर लिहायला बसलो ते त्यासाठीच.

पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ठरलेली तक्रार असते. पंपाच्या कास्टिंगवर इपॉक्सी प्रायमर, वर टॉपकोट आणि थोड्याच दिवसांत पापुद्रे. दोष लगेच रेझिनवर, म्हणजे रंगाची फिल्म धरणाऱ्या मूळ घटकावर जातो. आधी सुटलेल्या पापुद्र्याची मागची बाजू बघा. खाली लोखंड उघडं पडलं असेल तर ब्लास्टिंग (वाळू किंवा ग्रिट मारून केलेली सफाई) किंवा तेलकटपणा तपासा. प्रायमर घट्ट आहे आणि फक्त टॉपकोट सुटलाय, तर बहुतेक वेळा अमाईन ब्लश. हार्डनरमधलं (रेझिन घट्ट करणाऱ्या घटकातलं) अमाईन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेतं आणि प्रायमरवर चिकट, मेणचट थर धरतो. पृष्ठभाग शुद्ध पाण्याने ओला करून पीएच पट्टी लावली की ती अल्कली दाखवते. थिनरने पुसलं तर हा थर नुसता पसरतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनची घासणी वापरायची, वाळवायचं, मग पॉलिश पेपर.

मूळ कारण दोन ठिकाणी सापडतं. एक, हार्डनर अंदाजाने ओतणं. रेझिनचं इपॉक्सी इक्विव्हॅलंट (एक इपॉक्सी गट किती ग्रॅम रेझिनमागे येतो तो आकडा) १९० असेल आणि हार्डनर ट्रायइथिलीनटेट्रामाईन असेल, तर त्याचा रेणुभार १४६ भागिले अमाईनचे ६ क्रियाशील हायड्रोजन म्हणजे २४.३; त्याला १९० ने भागून १०० ने गुणलं की १०० ग्रॅम रेझिनला १२.८ ग्रॅम. वजनानेच घ्यायचं. जास्त झालं की ब्लश वाढतो, कमी पडलं की फिल्म सॉल्व्हंटला टिकत नाही. दोन, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पृष्ठभागावर पाणी होऊन बसतं. हवा २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २२.३. कास्टिंग त्याच्या निदान ३ अंश वर, म्हणजे २५.३ हवं. रात्रभर शेडमध्ये पडलेलं कास्टिंग सकाळी तेवढं नसतंच. गरम करा, नाहीतर थांबा.

यातलं काहीच 'हलकं काम' नाही. नवा रेणू बनवणं म्हणजेच संशोधन असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या पेपरात सॉल्ट स्प्रेचे (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यातल्या गंज-चाचणीचे) तास असतात, पण ओरखड्यापासून गंज किती मिलिमीटर सरकला हे नसतं आणि फिल्मची जाडीही नसते. असे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. कास्ट आयर्नच्या छिद्रांत अडकलेली हवा फिल्ममध्ये पिनहोल (टाचणीएवढी भोकं) कशी करते, यावरच एक अख्खी पीएचडी उभी राहील, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखी जागा नाही.

एक मात्र खरं, कायम पदं कमी निघतात, वाट बघावी लागते. कोटिंगचा पाया पक्का हवा असेल तर एम.टेक.ला मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर अँड सरफेस इंजिनीअरिंग विभाग आहे. पीएचडीला गाईड ठरवताना त्यांच्या पेपरांची यादी नंतर बघा. आधी लॅबमध्ये जाऊन जाडी मोजायचं गेज आणि पुल-ऑफ टेस्टर (थर ओढून त्याची पकड मोजणारं यंत्र) कुठे ठेवलाय ते विचारा, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं तेही.