मस्कतच्या जन्मदाखल्यावर अख्ख्या घराचं ग्रीन कार्ड

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान २०१२ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. कंपनीने २०१५ साली ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या नोकरी-गटातून ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, प्रक्रिया सुरू केली. त्यासाठीचा कंपनीचा आय-१४० अर्ज प्रीमियममधून (जादा शुल्क भरून जलद निकाल) बारा दिवसांत मंजूर झाला आणि तेव्हापासून कुटुंब भारताच्या रांगेत थांबलं आहे. मोठी मुलगी सहा वर्षांची असताना एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आली, ती आता १९ वर्षं ४ महिन्यांची आहे. धाकटा मुलगा इथेच जन्मला, तो १२ वर्षांचा. मुलगी एकवीस वर्षांची झाली की तिचं काय, हा त्यांचा मुख्य प्रश्न. मुलगा अमेरिकन नागरिक आहे तर त्याच्यामुळे काही होईल का, हा दुसरा. पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात: "माझा जन्म मस्कतचा, वडील तिथे नोकरीला होते. मी चार वर्षांची असताना आम्ही सांगलीला परत आलो. पासपोर्टवर जन्मस्थळ मस्कत आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र सांगली. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, ग्रीन कार्डाच्या वेळी घोळ नको, पासपोर्टवरही सांगली करून घ्या. फॉर्म भरून ठेवला आहे. पाठवू का?"

ताई, तो फॉर्म पाठवू नका. बाकी सगळं सावकाश वाचा, पण हे आधी.

तुम्ही ज्याला घोळ म्हणता आहात, त्यातच तुमच्या कुटुंबाची सुटका आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डाची रांग पासपोर्टवरून ठरत नाही, जन्म कोणत्या देशात झाला यावरून ठरते. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि त्यात नवरा, बायको, मुलं असे सगळे मोजले जातात. एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला त्यातली जास्तीत जास्त सात टक्के येतात. भारतात जन्मलेले अर्जदार इतके आहेत की २०२५ सालात ईबी-२ ची भारताची रांग २०१२-१३ च्या तारखांवरच रेंगाळत होती. त्याच वर्षी ओमानसारख्या देशांत जन्मलेल्यांची रांग २०२३ पर्यंत पोचली होती. तुमच्या यजमानांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, २०१५ ची आहे. म्हणजे भारताच्या रांगेत त्यांचा नंबर अजून लागायचा होता, आणि ओमानच्या रांगेत तो केव्हाच लागून गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, ओमानमध्ये मी जन्मले, हे कुठे जन्मलेत? १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम २०२ मध्ये याचं उत्तर आहे. नवरा-बायकोची ताटातूट होऊ नये म्हणून दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं. याला क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात. अर्ज यजमानांच्या नोकरीवर, रांग तुमच्या जन्मदेशाची. मुलांनाही आई किंवा वडील, कोणाच्याही जन्मदेशाची रांग घेता येते. उलट मात्र होत नाही, मुलाच्या जन्मदेशाचा फायदा आईवडिलांना मिळत नाही. तुम्ही चारच वर्षं मस्कतला राहिलात, ओमानचं नागरिकत्व तुमच्याकडे कधीच नव्हतं, तुम्ही जन्मापासून भारतीय आहात, याने काहीही फरक पडत नाही.

हे इतक्या वर्षांत कोणी का सांगितलं नाही, असं तुम्हाला वाटेल आणि त्याचं वाईटही वाटेल. कंपनीने नेमलेले वकील मुख्यतः कंपनीचं काम बघतात. त्यांच्या प्रश्नावलीत यजमानांची पदवी, पगार, जन्मस्थळ सगळं असतं, बायकोच्या जन्मस्थळाची चौकशी होईलच असं नाही. आखातात जन्मलेल्या कितीतरी मराठी मुली आज इथे एच-४ वर आहेत. हा स्तंभ वाचणाऱ्या प्रत्येकीला माझी विनंती आहे की आपल्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही पासपोर्टवरचं जन्मस्थळ आज एकदा बघा.

पासपोर्टवर सांगली करून घेण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी सल्ला घातक आहे. खरं जन्मस्थळ बदलून खोटं लिहून घेतलं आणि पुढे तेच अमेरिकन सरकारपुढे मांडलं, तर ती जाणूनबुजून केलेली चुकीची माहिती ठरू शकते. त्याची शिक्षा दंडाने भागत नाही, ग्रीन कार्डाला कायमची आडकाठी होऊ शकते. शिवाय इथे तर खोटं बोलून तुम्ही स्वतःचाच हक्क गमावाल.

शाळेच्या दाखल्यावर सांगली का आली, याचा अंदाज करणं अवघड नाही. आजोबांनी किंवा काकांनी नाव घालताना जन्मगाव म्हणून मूळ गाव सांगून टाकलं, गुरुजींनी लिहून घेतलं. अशा नोंदी आपल्याकडे भरपूर आहेत. दाखला दुरुस्त करायच्या मागे आता लागू नका, त्यात महिने जातील. मुख्य पुरावा तुमचा ओमानचा जन्मदाखला. तो तुमच्या आईंनी जपून ठेवला आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यावरचा मजकूर अरबीत आहे, तेव्हा त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. शिक्क्यांवरचा मजकूरही भाषांतरात आला पाहिजे, तो सुटला म्हणून अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत.

जन्मदाखल्यावर तुमच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे आणि आडनाव माहेरचं. स्पेलिंगसाठी आईंचं आणि त्या काळात मस्कतला असलेल्या एखाद्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. दोघांनीही स्वतःला काय माहीत आहे तेच लिहावं: जन्म कधी, कोणत्या रुग्णालयात, तेव्हा ते स्वतः कुठे होते. शाळेच्या दाखल्यावर सांगली कशी आली हेही आईंनी त्यातच सांगून टाकावं. अधिकाऱ्याने विचारल्यावर सारवासारव करण्यापेक्षा आपणच आधी मांडलेलं कधीही चांगलं. आडनावासाठी लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र पुरतं. क्रॉस-चार्जेबिलिटी लग्नाच्या नात्यावरच उभी असल्यामुळे ते तसंही लागणारच आहे. आणि आजवर व्हिसासाठी भरलेले डीएस-१६० फॉर्म काढून बघा. जन्मस्थळ सगळीकडे मस्कतच असेल तर उत्तम. कुठे चुकून सांगली पडलं असेल तर वकिलाला अर्जाआधी सांगा.

आता मुलीकडे वळू. इथे वेळ दवडून चालणार नाही.

एकविसाव्या वाढदिवसाला तिचा एच-४ संपतो, त्याला कसलीही सवलत नाही. ग्रीन कार्डासाठी मात्र २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टमध्ये वय मोजायची वेगळी पद्धत आहे. नंबर लागला त्या दिवशी मुलाचं जे वय असेल, त्यातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे. तुमच्याकडे प्रीमियम भरल्यामुळे वजा करायला फक्त बारा दिवस आहेत. दुसरी अट अशी की नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाने ग्रीन कार्डासाठी पाऊल उचललेलं असलं पाहिजे.

तुमच्या प्रकरणातली खरी मेख या दुसऱ्या अटीत आहे. ओमानच्या रांगेने पाहिलं तर तुमचा नंबर आय-१४० मंजूर झाला तेव्हाच, २०१५ मध्ये लागलेला होता. म्हणजे ते एक वर्ष कधीच उलटून गेलं, असा आक्षेप अधिकारी घेऊ शकतो. असाधारण परिस्थिती दाखवून तो आक्षेप दूर करता येतो, पण आम्हाला नियम माहीत नव्हता एवढ्यावर ते जमत नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की या कायद्याच्या आधारावर विसंबूच नका. मुलगी खरोखर एकवीसच्या आत असतानाच तिचं ग्रीन कार्ड मंजूर झालं तर वय मोजायचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी तुमच्या हातात वीस महिने आहेत. अर्ज येत्या काही आठवड्यांत गेला तर ते पुरण्याची चांगली आशा आहे. सहा महिने कागद जुळवण्यात गेले तर तीच मुदत अपुरी पडेल.

अर्ज करताना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं त्या महिन्याचं व्हिसा बुलेटिन (कोणत्या देशाची रांग कुठवर आली ते सांगणारं पत्रक) उघडा आणि भारताचा रकाना सोडून 'ऑल चार्जेबिलिटी एरियाज एक्सेप्ट दोज लिस्टेड' हा रकाना बघा, ओमान त्यात मोडतो. त्या महिन्यासाठी बुलेटिनमधल्या दोनपैकी कोणता तक्ता धरायचा, ते यूएससीआयएस ही इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारी अमेरिकन सरकारी संस्था आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. यजमान, तुम्ही आणि मुलगी, तिघांचे आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचे प्रत्यक्ष अर्ज, एकाच पाकिटातून, एकाच दिवशी जाऊ द्या. तुमच्या जन्माचा फायदा यजमानांना मिळायचा तर दोघांचे अर्ज बरोबरच मंजूर व्हावे लागतात. अर्जांवर जोडायच्या पत्रात (कव्हर लेटर) पहिल्याच परिच्छेदात दोन गोष्टी ठळक लिहा: ओमानच्या क्रॉस-चार्जेबिलिटीची मागणी आणि मुलीचा एकविसाव्या वाढदिवसाचा दिनांक. हे पत्रात नसेल तर अर्ज उघडणारा कर्मचारी यजमानांचं जन्मस्थळ बघून नंबर लागलेला नाही म्हणून पाकीट परत पाठवू शकतो.

वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ अहवाल २ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच जोडावा लागतो, तेव्हा सिव्हिल सर्जनची, म्हणजे या तपासणीसाठी यूएससीआयएसने नेमलेल्या डॉक्टरांची, वेळ आजच घ्या. त्यांनी दिलेलं अहवालाचं बंद पाकीट घरी उघडू नका. कंपनीकडून आय-४८५ च्या 'सप्लिमेंट जे' या पुरवणी फॉर्मवर सही लागेल. ज्या नोकरीसाठी आय-१४० मंजूर झाला ती अजून आहे, एवढंच त्यात कंपनी सांगते. त्यासाठी कंपनीच्या वकिलांना यजमानांनी ईमेल करावा: "माझ्या पत्नीचा जन्म ओमानचा आहे. तिच्या आधारे क्रॉस-चार्जेबिलिटी घेऊन आय-४८५ भरायचा आहे. मुलगी एकवीसची होत आहे, त्यामुळे काम तातडीचं आहे." सोबत तुमच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत. आठवड्यात हालचाल दिसली नाही तर आय-४८५ साठी स्वतंत्र वकील करा, तो तुमचा स्वतःचा अर्ज आहे.

मुलीसाठी आधी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेऊन ठेवावा का, हेही तुम्ही विचारलं आहे. एरवी मी तेच सुचवलं असतं. पण एफ-१ मागताना शिक्षण संपवून परत जाण्याचा इरादा दाखवायचा असतो आणि ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असताना ते पटवणं कठीण. त्या अर्जासाठी आय-४८५ थांबवून ठेवणं या घडीला मला योग्य वाटत नाही. आय-४८५ दाखल झाल्यावर, एच-४ संपला तरी तो अर्ज प्रलंबित असेपर्यंत तिला इथे राहता येतं. सोबत वर्क परमिट आणि ॲडव्हान्स परोल (अर्ज प्रलंबित असताना परदेशी जाऊन परतण्याची परवानगी) यांचे अर्ज द्या. वाढदिवसानंतर ॲडव्हान्स परोल हातात नसताना तिने देशाबाहेर जाऊ नये, अगदी घरातल्या लग्नकार्यासाठीसुद्धा. आणि कार्ड हातात पडेपर्यंत तिने स्वतः लग्न करू नये. लग्न झालं की कायद्याच्या लेखी ती 'मूल' राहत नाही, मग वय काहीही असो. तिला हे तुम्ही समोर बसवून सांगा. इतकी वर्षं या देशात वाढलेल्या मुलीला आपल्या भवितव्याचे नियम माहीत असण्याचा पूर्ण हक्क आहे.

धाकट्या मुलाबद्दल: तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही, म्हणजे अजून नऊ वर्षं. तो मार्ग सध्या विसरा.

नागरिकत्वाचं तुम्ही ओझरतं विचारलं आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी अर्ज करता येतो, आणि त्या पाच वर्षांतले किमान तीस महिने प्रत्यक्ष इथे राहिलेले असावे लागतात. आई किंवा वडील नागरिक झाल्यावर त्यांच्यासोबत राहणाऱ्या अठरा वर्षांखालच्या ग्रीन कार्डधारक मुलांना नागरिकत्व आपोआप मिळतं. तुमच्या मुलीचं अठरावं कधीच उलटलं असल्यामुळे तिला स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागेल. अमेरिकन नागरिकत्व घेतलं की भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. मग भारतीय पासपोर्ट वाणिज्य दूतावासात जमा करून, त्याचा दाखला घेऊन, ओसीआयसाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी) अर्ज करायचा.