सोडून द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

"सगळे म्हणतात सोडून दे. पण कसं, ते कुणी सांगत नाही." बडोद्यातल्या रावपुऱ्यातून येवोत की दांडिया बाजारातून, माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेचजण याच वाक्याने सुरुवात करतात.

त्यातल्याच एक काकू (खुणा बदलल्या आहेत). पुतण्याच्या मुंजीत मोठ्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं होतं?" त्याला तीन वर्षं झाली, तरी कुकर लावताना रोज ते कानात वाजायचं. मुलाने मोबाईलवर दोन भिक्षूंची गोष्ट पाठवली होती. एकाने बाईला उचलून चिखलापलीकडे उतरवलं, दुसरा संध्याकाळपर्यंत धुमसत राहिला; तेव्हा पहिला म्हणाला, मी तिला तिथेच ठेवलं, तू अजून वाहतोयस.

"म्हणजे चूक माझीच ना?" काकू म्हणाल्या.

झेन परंपरेतली ही गोष्ट सुंदर आहे, पण दुखावलेल्याला ती फॉरवर्ड करू नये. आधीच्या ओझ्यावर अपराधाचं गाठोडं चढतं. मी संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं सल्ल सुत्त, म्हणजे बुद्धांचा एक उपदेश, सांगते. सल्ल म्हणजे शल्य, बाण. बाण लागला की दुखतंच. त्यावर शोक आणि त्रागा सुरू झाला की जणू दुसरा बाण लागतो. पहिल्याचं दुखणं बुद्ध नाकारत नाहीत. काकूंना एवढं ऐकूनच हायसं वाटलं.

मग वही. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे फक्त टेपरेकॉर्डरने टिपले असते ते शब्द, उजवीकडे बाकी सगळं. दिवसातून एकदा, चहाच्या वेळी, 10 मिनिटं, 7 दिवस. झोपताना नको, नाहीतर तेच उशाशी घेऊन पडाल. बहुतेकांचं चुकतं ते डावीकडे. काकूंनी लिहिलं, "कुत्सितपणे म्हणाली." 'कुत्सितपणे' उजवीकडे! दुसरी चूक म्हणजे उजवीकडचं खोडणं. खोडायचं नाही. दाबलेला विचार बरेचदा उलट जोराने उसळतो. शेजारी 'दुसरा' (म्हणजे दुसरा बाण) एवढंच लिहायचं.

पाचव्या भेटीत त्यांनी वही उघडली. डावीकडे रोज तेच चार शब्द, उजवीकडे गच्च भरलेलं. 'माहेरावरून बोलली', 'सगळे हसले', 'मला किंमत नाही'. काकू बोट फिरवत गेल्या आणि थांबल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी "बघा, पटलं ना?" म्हणायचा मोह आवरणं हीच आमची खरी कारागिरी.

"ती एकदाच बोलली," त्या हळूच म्हणाल्या. "रोज मीच बोलते. तिच्या आवाजात."

पुढची काळजी व्यवहाराची होती. मे महिन्यात घरात लग्न, तेव्हा जाऊबाई पुन्हा बोलल्या तर? इथे राजगृहाच्या वेळुवनातला बुद्धांचा प्रसंग कामी येतो. शिव्या देणाऱ्या ब्राह्मणाला बुद्ध विचारतात, पाहुण्यांनी वाढलेलं घेतलं नाही, तर ते कोणाचं? "माझंच," तो म्हणतो. बुद्ध म्हणतात, तसंच या शिव्या मी घेत नाही, तुझं तुझ्यापाशी. काकूंना एवढं तोंडावर म्हणणं जमणार नव्हतं, आणि जाऊबाईंना ते लागलंही असतं. म्हणून आम्ही एकच वाक्य घोटलं: "मी जरा पंगतीकडे बघते." म्हणायचं आणि खरंच पंगतीकडे जायचं, दाराआड उभं राहून ऐकायचं नाही.

निघताना वही पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "लग्नासाठी एक पान कोरं ठेवलंय. डावीकडे किती भरतंय बघू."