रोज बायबल वाचतो, चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, तरी स्वभाव जैसे थे. शिकवण रोजच्या जगण्यात उतरते तरी कशी?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, कारण काही वर्षांपूर्वी मीच तो विचारला असता. तुम्ही लिहिलंय की सावंतवाडीजवळ राहता, पहाटे उठून दोन अध्याय वाचता, तरी राग आणि कडवटपणा जागचा हलत नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या थोरल्या भावाशी वाटणीवरून चार वर्षं बोलणं नाही. मग ही आध्यात्मिक वाढ म्हणतात ती होते कुठे?

मी फादर नाही, धर्मशिक्षणाचे वर्गही घेत नाही. वसईला पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आमची बोट आहे. दादा बोटीवर असतो, हिशोबाची वही माझ्याकडे. तेव्हा जे सांगतोय ते वहीतूनच.

मीही वर्षभरात अख्खं बायबल संपवायचं ठरवलं होतं. आपल्या कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. मी तक्ता करून भिंतीला लावला, वाचलं की बरोबरची खूण. लेवीय आणि गणना या पुस्तकांत नेहमीप्रमाणे गाडी रुतली आणि फेब्रुवारीत व्हायचं ते अनुवाद नावाचं पुस्तक मे महिन्याच्या शेवटी हातात आलं. हे मागे पडणंच पुढे उपयोगी पडलं.

मे अखेर म्हणजे आमच्याकडे हिशोबाचे दिवस. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्याआधी बोट वर ओढून शाकारायची आणि खलाशांचे पैसे चुकते करायचे. हंगामाच्या सुरुवातीला त्यांना उचल दिलेली असते, ती वजा करून उरलेली रक्कम हातात. त्या वर्षी तलासरीकडचा एक पोरगा होता, विशीतला. त्याच्या हिशोबातून मी सहा हजार कापले होते, डोल (बोटीचं जाळं) फाटली त्याचे. खरं सांगायचं तर डोल फाटली ती दादाने भरतीचा अंदाज चुकवला म्हणून. पोराचा दोष एवढाच की दोर त्याच्या हातात होता. तो काही बोलला नाही. मीच म्हणालो, "बघू रे, गणपतीत आलास की बघू."

त्याच सकाळी मी अनुवादाचा २४वा अध्याय वाचून खूण केली होती. गरीब मजूर, मग तो आपल्यातला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असं तिथे लिहिलंय. हे वाचून मी चहा प्यायलो आणि जाऊन सहा हजार कापले. मला जोडणी लागलीच नाही, हे आजही नवल वाटतं. याकोबाच्या पत्रात आरशाचं उदाहरण आहे ना? माणूस आरशात तोंड बघतो आणि वळल्याबरोबर आपण दिसतो कसे तेच विसरतो. तो माणूस मी.

संध्याकाळी किनाऱ्यावर आई बोंबील सुकवायच्या वलांडीखाली बसून जाळं विणत होती. तिला अक्षरओळख नाही. रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि प्रवचनातून कानावर पडलेलं, एवढंच तिचं बायबल. तिने सहज विचारलं, "त्या पोराचा हिशोब पुरा झाला का रे?" समोर सूर्य पाण्याला टेकत होता. आमच्याकडे तो समुद्रातच बुडतो, लपवायला मधे डोंगर नाही. तेव्हा ते सकाळचं वाक्य पोटात गेलं.

स्कूटर काढून वसई रोड स्टेशन गाठलं, तोवर डहाणूकडची गाडी गेली होती. त्याच्याकडे फोन नव्हता, गावातल्या दुसऱ्या एकाचा नंबर मिळवून पैसे पोचवायला अकरा दिवस गेले. पोचल्यावर तो फोनवर एवढंच म्हणाला, "मिळाले शेट." पुढच्या हंगामात तो आमच्या बोटीवर आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

त्यानंतर मी तक्ता काढून टाकला आणि एक गोष्ट लक्षात यायला लागली. त्याच २४व्या अध्यायात दोन-तीन ओळी वर, गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळताना परत दे म्हटलंय, म्हणजे रात्री तो ते पांघरून झोपेल. इकडे नव्या करारात इफिसकरांच्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, रागावलात तरी सूर्य मावळेपर्यंत तो राग राहू देऊ नका. पांघरूण, मजुरी, राग, तिन्हींची मुदत एकच: त्याच दिवशीची संध्याकाळ. आणि आपण काय करतो? पुढच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात बदलू म्हणतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून शुक्रवारी मटण बंद करतो. आमच्या कोळीवाड्यात तर त्याचंही हसू येतं, मटण बंद आणि ताटात सरंगा! कसलं प्रायश्चित्त?

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा की वाचन कमी करा. दोन अध्यायांऐवजी दहा ओळी वाचा, पण अशा की ज्यांच्या दुसऱ्या टोकाला एखादं जिवंत माणूस उभं आहे. त्या माणसाचं काय देणं लागतो ते ठरवा आणि संध्याकाळी पाच मिनिटं बसून स्वतःला विचारा, दिलं का? येशूसंघीय (जेझुइट) लोक आत्मपरीक्षण म्हणून करतात ते साधारण असंच असतं. भाषा अडत असेल तर फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल घ्या, त्यात वाक्याशी झटावं लागत नाही. गलतीकरांच्या पत्रातली आत्म्याच्या फळाची यादीही अशीच तपासून बघा. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. बंद खोलीत एकटं बसून यातलं काय काय जमतं बघा. सहनशीलता कळते ती खलाशी उशिरा आल्यावर, नाहीतर बर्फाची गाडी आली नाही तेव्हा.

आता तुमच्या भावाचं. ही गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरती लिहिलीत, पण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. म्हणजे चूक कोणाची हा मुद्दा बाजूलाच राहतो, निघायचं तुम्ही. आणि ऐकणारे लोक गालीलचे, वेदी यरुशलेमच्या मंदिरात. तिथून घरी परत जायचं म्हणजे काही दिवसांची पायपीट. तुमचा भाऊ दोन घरं सोडून राहतो.

याचा अर्थ हक्क सोडा असा होत नाही. आपल्याकडे काही लोक क्षमा म्हणजे सही करून मोकळं होणं समजतात, ते मला पटत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात एकजण येशूकडे येऊन म्हणतो, "गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा." येशू त्याला सरळ विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? वाटणीत तो पडत नाही, लोभाबद्दल मात्र सावध करतो. तेव्हा सातबारा, फेरफार, मोजणी ही कामं वकील, तलाठी आणि भूमी अभिलेखवाले करतील, त्यांना करू द्या. बोलणं चालू करायला तुमच्या नकाशाची गरज नाही. चार वर्षं तुम्ही दोन्हींची गाठ मारून ठेवलीत, म्हणून एकही सुटत नाही.

तो दार लावून घेईल का? घेऊ शकतो. रोमकरांच्या पत्रात पौलानेही जपूनच लिहिलंय, शक्य असेल तर आणि तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीने राहा. त्याच्या बाजूचं तुमच्या हातात नाही. माझा तो पोरगा परत आला नाहीच, तरी दादा आता मे महिन्यात प्रत्येकाचे पैसे दिवेलागणीआधी देतो आणि डोल फाटली तर खर्च बोटीच्या नावावर पडतो. त्यावरून आमचं भांडण झालं होतं, तेही दोन दिवस चाललं. इफिसकरांचं पत्र त्या वेळी कोणालाच आठवलं नाही.

शनिवारी उन्हं उतरल्यावर जा, म्हणजे रविवारची मिस्सा पुढे उभी असेल. वहिनी घरात असतील अशी वेळ बघा. रिकाम्या हाताने जाऊ नका. जवळ असता तर आईने वाळवलेले बोंबील दिले असते, पण तुमच्याकडे बांगडा चांगला मिळतो. आणि वाटणीचा विषय त्याने काढला तरी त्या दिवशी तुम्ही बोलू नका, चहा घ्या आणि उठा.