नोकरी सांभाळून एचआरची पदव्युत्तर पदवी: आधी तासांचा हिशोब, मग फीचा

प्रश्न: मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. सहा वर्षांपासून एका कंपनीत पेरोल आणि हजेरीचं काम बघते. पुढच्या पदासाठी एचआरमधली पदव्युत्तर पदवी लागेल, असं वरिष्ठ म्हणतात. नोकरी सोडणं शक्य नाही, मुलगा चार वर्षांचा आहे. एमबीए करू की एचआरचं एमए किंवा एमएससी? ऑनलाइन घेऊ की शनिवार-रविवारचं? गणिताची सवय सुटली आहे, प्रबंधाचीही भीती वाटते. कंपनी निम्मी फी भरायला तयार आहे, पण बाँडवर, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी सोडली तर फी परत करण्याच्या करारावर, सही मागते. करावी का?

उत्तर: तुमच्या वरिष्ठांनी ‘पदवी लागेल’ म्हटलं आहे, ‘पदवी घेतली की पद मिळेल’ असं म्हटलेलं नाही. प्रवेशअर्ज भरण्याआधी त्यांच्याकडून तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या. नेमकं कोणतं पद? त्यासाठी पदवीखेरीज आणखी काय लागतं? आणि ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी कंपनीच्या नियमांत धरली जाते का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर घ्या, कारण वरिष्ठ बदलतात.

पेरोलमधल्या माणसाची एक खास अडचण असते. त्याचं काम दुसऱ्या कुणाला तितकं येत नाही, म्हणून पदवी मिळाल्यावरही त्याला तिथेच ठेवलं जातं. तेव्हा पहिल्या वर्षापासूनच एखाद्या सहकाऱ्याला महिनाअखेरीचं काम शिकवायला लागा आणि कामाच्या पायऱ्या लिहून ठेवा. परीक्षेच्या रजेत तो उपयोगी पडेल आणि पुढे तुमची जागा घ्यायलाही तयार असेल.

आता तास. अभ्यासक्रम अर्धवट सुटण्यामागे हुशारी कमी पडणं हे कारण फार कमी वेळा असतं. तासांचा हिशोब आधी न केल्याने माणसं अडकतात. माहितीपत्रकात क्रेडिट (अभ्यासाला लागणाऱ्या वेळाचं माप) दिलेले असतात, त्यांचे तास करून बघा. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तास आणि वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे दोन वर्षांचे साधारण २४०० तास. ब्रिटनमधली मास्टर्स पदवी १८० क्रेडिटची, प्रत्येक क्रेडिट १० तासांचं: एकूण १८००. युरोपीय क्रेडिट २५ ते ३० तासांचं धरतात. अमेरिकेत ३ क्रेडिटच्या एका विषयाला वर्गातले ३ आणि वर्गाबाहेरचे किमान ६, असे आठवड्याला ९ तास धरलेले असतात. या तासांत वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं येतं. फक्त लेक्चरचे तास मोजणारा इथेच फसतो.

आजारपण, घरची कामं आणि कंपनीतली धावपळ वजा करून वर्षाचे ४५ आठवडे हाती राहतात असं समजा. १८०० तासांची पदवी दोन वर्षांत करायची तर आठवड्याला २० तास लागतात, तीन वर्षांत केली तर १३ ते १४. २४०० तासांची असेल तर हेच आकडे २७ आणि १८ होतात. पूर्णवेळ नोकरी आणि लहान मूल असताना आठवड्याला १५ तासांच्या वर टिकणं फार अवघड आहे. म्हणून तीन वर्षांची अर्धवेळ सोय जिथे आहे तिथेच बघा, असं मी ठामपणे सांगेन. चार दिवस पहाटे दीड-दीड तास आणि शनिवार-रविवारी साडेचार-साडेचार तास मिळून १५ होतात. पहाटेचे तास वाचनाला ठेवा आणि लेखनाला सुट्टीचे सलग तास द्या. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत असाइनमेंट लिहिता येत नाही, मागचं आठवण्यातच वेळ जातो. शनिवार-रविवारचे वर्ग घेतलेत तर हेच सलग तास वर्गात जातात, हेही लक्षात ठेवा.

अर्ज करण्याआधी विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक आणि तुमच्या खात्याचं वर्षाचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. पगाराची तारीख, आर्थिक वर्षाची अखेर, वार्षिक मूल्यमापन आणि पगारवाढ हे तुमचे ओढाताणीचे काळ. सत्रपरीक्षा त्यांतल्या एखाद्यावर दरवर्षी येत असेल, तर तो अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी नाही.

एमबीए की एमए-एमएससी? एमबीएच्या पहिल्या टप्प्यात मार्केटिंग, फायनान्स, ऑपरेशन्स असे सगळे विषय असतात. एचआरचे विषय बहुधा नंतर, निवडीचे म्हणून येतात. पुढे एचआर सोडून दुसऱ्या विभागात जायचा विचार असेल किंवा व्यवसायाच्या प्रमुखांबरोबर बसून निर्णय घ्यायचे असतील तर हा पाया उपयोगी. एचआरच्या एमए-एमएससीत पहिल्या दिवसापासून भरती, कामगिरी व्यवस्थापन, मोबदला, औद्योगिक संबंध, कामगार कायदा हेच असतं. कारखान्यात, युनियनशी बोलणी करण्याच्या कामात जायचं असेल तर कामगार कायदा आणि औद्योगिक संबंध यांवर भर असलेली पदवी घ्या. चाचण्या, निवडप्रक्रिया, सर्वेक्षणं यांत गोडी असेल तर संघटनात्मक मानसशास्त्र हाही चांगला रस्ता आहे.

तुमच्या बाबतीत माझा कौल मोबदला व्यवस्थापनाकडे आहे. पगाराचा कच्चा माल सहा वर्षं तुमच्या हातातून जातो आहे. तो कसा ठरतो हे मात्र तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. पदांचं मूल्यांकन, पगारश्रेणी आखणं, बाजारातल्या पगारांशी तुलना, प्रोत्साहन योजना या गोष्टी अभ्यासक्रमात स्वतंत्र विषय म्हणून आहेत का, ते बघा. एक उदाहरण देते. एखाद्या श्रेणीत पगार ४०,००० ते ६०,००० असेल तर मध्यबिंदू ५०,०००. ४५,००० घेणाऱ्याचं मध्यबिंदूशी गुणोत्तर ०.९०, याला कॉम्पा-रेशो म्हणतात. एकाच श्रेणीत सारख्याच अनुभवाच्या पुरुषांचं गुणोत्तर १.०५ आणि स्त्रियांचं ०.९२ निघालं, तर पेरोलचा माणूस पगार बरोबर जमा झाला का ते पाहतो, मोबदल्याचा माणूस हा फरक का आहे ते विचारतो. तुम्हाला या दुसऱ्या खुर्चीवर जायचं आहे, आणि विषयांची निवड त्याच हिशोबाने करायची आहे.

गणिताच्या भीतीबद्दल. लागतं ते संख्याशास्त्र, आणि तेही फार वरच्या पायरीचं नाही: सरासरी, मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला), प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत), सहसंबंध, साधं रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज). वर्ग सुरू होण्याआधी आठ आठवडे, आठवड्याला तीन तास एवढी उजळणी पुरते. ती तुमच्याच कामातल्या आकड्यांवर करा. वर्षाच्या सुरुवातीला २९० माणसं, शेवटी ३१०, वर्षभरात सोडून गेली ३६; सरासरी ३०० धरली तर गळती १२ टक्के. इथे थांबू नका. ३६ पैकी २० जण रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच गेले असतील, तर दोष आधी भरतीत आणि सुरुवातीच्या प्रशिक्षणात शोधायला हवा; सरसकट पगारवाढ देऊन तो सुटेलच असं नाही. पगारांच्या बाबतीत सरासरीपेक्षा मध्यक का बघतात, हेही करून बघा: दोन संचालकांचे पगार यादीत घाला आणि सरासरी कशी उडी मारते ते पाहा.

प्रबंधाची भीती मात्र थोडी रास्त आहे, कारण नोकरी करणारे विद्यार्थी सर्वांत जास्त तिथेच रखडतात. विषय स्वतःच्या कंपनीतला घ्यावासा वाटतो आणि तो घ्यावाही, पण त्यात चार ठिकाणी घोळ होतो.

पहिलं, परवानगी तोंडी असते. माहिती गोळा होते, तेवढ्यात व्यवस्थापन बदलतं आणि ‘ही माहिती बाहेर द्यायची नाही’ असा निरोप येतो. परवानगी लेखी घ्या: कोणती माहिती, कुठल्या काळातली, नावं काढून, कंपनीचं नाव छापायचं की नाही.

दुसरं, पेरोलमुळे जी माहिती तुम्हाला दिसते ती संशोधनासाठी आपोआप तुमची होत नाही. कर्मचाऱ्यांनी ती पगारासाठी दिलेली आहे. नावं आणि कर्मचारी क्रमांक काढले तरी ‘वित्त विभागातली एकमेव महिला व्यवस्थापक’ लगेच ओळखू येते. पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे दाखवायचे नाहीत, तो गट मोठ्या गटात मिसळायचा.

तिसरी गोष्ट लोक विसरतात: एचआरमधून प्रश्नावली आली की कर्मचारी मोकळेपणाने उत्तरं देत नाहीत. आपलं उत्तर कुणाला कळेल या शंकेने सगळे ‘समाधानी’ लिहितात आणि तुमच्या निष्कर्षात काहीच उरत नाही. प्रश्नावली विद्यापीठाच्या खात्यावरून, निनावी पाठवा. भाग न घेतल्यास काही बिघडत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा.

चौथं, नमुना. १०० उत्तरं हवी असतील आणि तिघांपैकी एकच भरेल असा अंदाज असेल, तर ३०० जणांपर्यंत पोहोचावं लागतं. ६० उत्तरांचे सहा विभाग पाडून तुलना करू नका. दहा-दहांच्या गटांतून काही सिद्ध होत नाही. माणसं कमी असतील तर १२ ते १५ सविस्तर मुलाखतींचा अभ्यास जास्त प्रामाणिक होतो. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या मंजुरीला काही आठवडे लागतात, ते वेळापत्रकात धरा. आणि परवानगी मागे घेतली गेली तर हाताशी असावा म्हणून सार्वजनिक आकडेवारीवर होणारा एक पर्यायी विषय मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा.

ऑनलाइन की वीकेंड, हे कार्यक्रमागणिक बघावं लागेल. पदवीला नियामक संस्थेची मान्यता त्या विशिष्ट पद्धतीसाठी आहे का, हे पहिलं. विद्यापीठ मान्यताप्राप्त असूनही त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य नसू शकतो. मग विचारा: वर्ग थेट असतात की रेकॉर्ड केलेले, हजेरीची अट किती, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची का, एखादं सत्र थांबवता येतं का, पदवी जास्तीत जास्त किती वर्षांत पूर्ण करायची, प्रबंधाला मार्गदर्शक कोण नेमतं. नुसत्या रेकॉर्डिंगवर चालणारा अभ्यासक्रम तुम्ही घेऊ नये असं मला वाटतं, कारण एचआरमध्ये निम्मं शिक्षण वेगवेगळ्या उद्योगांतल्या सहाध्यायांशी वाद घालण्यात होतं. पदवी मिळवलेल्यांशी बोलाच, पण मध्येच सोडलेल्या एक-दोघांना गाठून का सोडली ते जरूर विचारा.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. एसएचआरएम-सीपी किंवा पीएचआर ही अमेरिकी संस्थांची एचआरमधली व्यावसायिक प्रमाणपत्रं पदवीची जागा घेत नाहीत आणि दर तीन वर्षांनी पुढच्या शिक्षणाचे ६० क्रेडिट जमवून किंवा पुन्हा परीक्षा देऊन चालू ठेवावी लागतात. सीआयपीडी या ब्रिटनमधल्या एचआर व्यावसायिकांच्या संस्थेची सातवी पातळी मात्र पदव्युत्तर दर्जाची आहे, आणि तिथल्या काही विद्यापीठांच्या पदवीतच ती अंतर्भूत असते. पदवीच्या काळात यांच्या मागे लागू नका.

राहिला बाँड. सही करण्याआधी मुदत कधीपासून मोजतात ते वाचा. पदवी मिळाल्यापासून दोन वर्षं असेल, तर तीन वर्षांच्या अर्धवेळ पदवीसाठी तुम्ही एकूण पाच वर्षं बांधल्या जाता. प्रत्येक हप्ता भरल्याच्या तारखेपासून मोजणी मागा. परतफेड महिन्यागणिक घटती हवी: २४ महिन्यांचा बाँड असेल तर प्रत्येक महिन्याला चोविसावा हिस्सा माफ. कंपनीनेच कामावरून कमी केलं किंवा दुसऱ्या गावी बदली केली तर परतफेड माफ, हे लेखी असू द्या. ठरावीक गुण मिळाले तरच फी मिळेल अशी अट आहे का, आणि एखादा विषय राहिला तर काय, तेही विचारा. परीक्षेच्या रजा आणि प्रबंधाची परवानगी याच कागदात घालून घ्या. कंपनीला तुमची सही हवी असताना ते सोपं जातं.

कंपनी काहीच बदलायला तयार नसेल तर एक भागाकार करा. मिळणारी निम्मी फी भागिले तुम्ही बांधलेल्या राहणार ते एकूण महिने. जो मासिक आकडा निघेल त्यापेक्षा जास्त वाढ पदवीच्या अर्ध्या वाटेवरच दुसऱ्या कंपनीत मिळण्यासारखी असेल, तर सही करू नका. फी सत्रागणिक स्वतः भरा.