बदलणारा नको, ऐकणारा हवा

प्रश्न: ताई, आम्ही फोंड्याचे. माझी २१ वर्षांची लेक म्हणते मी मुलगा आहे. एक काउन्सेलर म्हणाला, लग्न लावून द्या, डोक्यातलं जाईल. आता कुणाकडे नेऊ?

उत्तर: तिथं परत अजिबात जाऊ नका. ट्रान्स असणं, म्हणजे जन्माला मुलगी म्हटलं तरी आतून मुलगा असणं, हा मानसिक आजार नाहीच, डब्ल्यूएचओनं आयसीडी-११ मध्ये, म्हणजे त्यांच्या आजारांच्या वर्गीकरणात, मानसिक आजारांच्या यादीतून तो काढलाय, आणि असं 'बदलायची' ट्रीटमेंट देणं नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्येच डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. अपॉइंटमेंटआधी फोनवरच विचारा, ट्रान्स लोकांसोबत काम केलंय का, माझा मुलगा सांगेल त्या नावानं त्याला हाक माराल का, उत्तर देताना घुटमळले तर सरळ दुसरा बघा. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे. आणि पहिलं सेशन त्याला एकट्यालाच घेऊ द्या हां, तुम्ही बाहेर बसा.