वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर त्यांचं रोजचं काम अडेल का?

तुम्ही विचारलंय की वडील रिटायर झालेत, लॅपटॉप २०१६ चा, त्यात इंटेलचा सहाव्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर, विंडोज ११ तो घेत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा एक प्रकार) टाकून द्यावं का सरळ नवीन लॅपटॉप घ्यावा, आणि मिंट टाकलं तर मराठी टायपिंग, बँक, प्रिंटर यांचं काय. मी धनकवडीत राहतो, घरून मराठी मुद्रितशोधनाची कामं करतो, २०१५ पासून माझं सगळं काम मिंटवरच चालतं आणि तीन वर्षांपूर्वी आईच्या लॅपटॉपवरही तेच टाकून दिलंय, म्हणून मनापासून सांगतो, नवीन लॅपटॉप घेऊ नका. मिंट टाका. पण टाकायच्या आधी दोन संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसा आणि ते खरोखर काय काय उघडतात ते एका कागदावर लिहून काढा. लिनक्स चांगलं का वाईट यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण अडतं ते नेहमी त्या कागदावरच्या एखाद्या ओळीपाशी.

बँकेची वेबसाइट, इन्कम टॅक्सचं ऑनलाइन रिटर्न, लाइट बिल, यूट्यूब, ईमेल हे सगळं ब्राउझरमध्ये होतं आणि फायरफॉक्स किंवा क्रोम इथे तसंच चालतं, त्याची काळजी नको. पेन्शनचा हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून होतो, म्हणजे तिथे लॅपटॉप लागतच नाही. कागदावर टॅली, ऑटोकॅड किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन यातलं काही आलं तर मात्र थांबा. टॅली आणि ऑटोकॅड लिनक्ससाठी येत नाहीत, टोकन कधी चालतं कधी नाही आणि ते चालवायला जी खटपट लागते ती सत्तरीच्या माणसाकडून करून घेऊ नये. अशा वेळी एका बाजूला विंडोज ठेवून ड्युअल बूट करा (मशीन सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडायचं), किंवा तेवढ्या कामापुरतं घरातलं दुसरं मशीन वापरा.

आता मराठी. यावर जरा सविस्तर लिहितो कारण माझं पोटच त्यावर आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटमध्ये मराठी जोडायचं, तिथे इन्स्क्रिप्टही (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला प्रमाण कीबोर्ड) मिळतो आणि कागप फोनेटिकही (उच्चाराने जवळच्या इंग्रजी कीवर मराठी अक्षर). फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, त्यात गमभन ही इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची पद्धत आहे. होय, तेच गमभन, ज्याच्यावर आपण मराठी साइटवर लिहायला शिकलो. पण बाबांना वेळ असेल तर इन्स्क्रिप्टच शिकवा असं मी म्हणेन. आई तिच्या भजनी मंडळाच्या नोटिसा लिहिते, आधी ती ‘येणाऱ्या’ लिहायला गेली की ‘येणार्या’ व्हायचं, रफार त्या या च्या डोक्यावर जाऊन बसायचा, आणि ती दर वेळी प्रिंट काढून पेनाने दुरुस्त करायची. तिला मी एका कागदावर स्केचपेनने लिहून दिलं, शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची की, मग ई, आणि तो कागद स्क्रीनच्या खाली चिकटवला. शिफ्ट आणि जे म्हणजे नुक्ता असलेला ऱ, डी म्हणजे हलन्त, स्लॅश म्हणजे य, ई म्हणजे काना. पहिल्या दिवशी तिने ते चारदा चुकवलं, पाचव्यांदा ‘ऱ्या’ बरोबर उमटला तेव्हा बोट किबोर्डवरून न उचलता तशीच बघत बसली होती. आठवड्याभरात कागद काढून टाकला. ळ साठी शिफ्ट आणि एन, ण साठी शिफ्ट आणि सी, ही दोन आणखी सांगितली की मराठी माणसाची निम्मी अडचण संपते.

एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्याकडे जुन्या फाइली असतील, शिवाजी०१ वगैरे फाँटमध्ये टाइप केलेल्या, त्या मिंटवर उघडल्या की सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि लोक लगेच म्हणतात लिनक्सने फाइल खराब केली. तसं नाहीये. त्या फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो एवढंच, फाँट नसेल तर विंडोजवरही हेच दिसेल. तो फाँट जुन्या लॅपटॉपवरून आधी कॉपी करून ठेवा, मिंटमध्ये डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, फाइल वाचता येते. नवीन लिखाण मात्र युनिकोडमध्येच करा, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठतात. मागे एका प्रेसने माझ्याकडून दीडशे पानं जुन्याच फाँटमध्ये मागितली होती, दोन रात्री त्यात गेल्या आणि शेवटी जोडाक्षरं हाताने तपासावी लागली, तेव्हापासून मी युनिकोडशिवाय काम घेत नाही.

मिंटवर एमएस ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस असतं, त्यात वर्डची फाइल उघडते, फक्त मंगल किंवा कोकिळा हे फाँट इथे नसतात म्हणून ओळी थोड्या खालीवर होतात. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी बघा. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय आपोआप सापडतात, एचपीसाठी एचपीलिप नावाचा ड्रायव्हर असतो. माझा जुना लेझर प्रिंटर मात्र असा होता की त्याच्या ड्रायव्हरने प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मान टाकली, शेवटी तो भाच्याला देऊन टाकला. अख्ख्या दहा वर्षांत मला खरा त्रास झाला असेल तर तो एवढाच.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, ‘फुकट आहे म्हणजे काहीतरी कमी असणारच ना’. हे मला टोचलं. आपल्याकडे मशीन असेंबल करून देणारा ‘सगळं टाकून देतो’ म्हणतो आणि चोरीचं ऑफिस, चोरीचं फोटोशॉप टाकतो, मग सॉफ्टवेअर ही पैसे न देता मिळणारी वस्तू आहे अशीच सवय लागते, ते कोणीतरी बसून केलेलं आहे हे डोक्यातच येत नाही. मिंट, लिब्रेऑफिस, व्हीएलसी यांचा सोर्स कोड (प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर) उघडा आहे, तो वापरायचा, बघायचा, बदलायचा आणि पुढे द्यायचा हक्क लायसन्सनेच दिलेला आहे. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने १९८३ मध्ये जीएनयू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचं जाहीर केलं ते याच हक्कासाठी आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्स कर्नेल (सिस्टीमचा गाभा) आल्यावर ते घरच्या मशीनवर पूर्ण उभं राहिलं. लिनक्सवर बरीच वर्षं आपण मराठी वाचली ती लोहित फाँटमध्ये, त्याचं बरंच काम इथे पुण्यातच, रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या ऑफिसमध्ये झालं. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत दिसतात तेही कोणीतरी एकेक शब्द बसून लावलेत म्हणून. बाबांचं मराठी चांगलं असेल तर मेनूमधले खटकणारे शब्द त्यांना टिपून ठेवायला सांगा, ते दुरुस्त करून पाठवता येतात, आणि रिटायर माणसाच्या हातून फार चांगलं काम होतं हे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, नाहीतर मिंटही रडत चालेल आणि दोष मिंटला जाईल. मिंट २२ घ्या, त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. ते पेनड्राइव्हवर लिहा आणि काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सुरू करून वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर हे चार तपासा. विंडोज ठेवणार असाल तर आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर बंद करा किंवा त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, हे विसरून लोकांचे फोटो अडकलेत. ड्युअल बूटमध्ये विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका, लिनक्स मशीनमध्ये यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाण वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं म्हणून तसं होतं, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एका ओळीत सुटतं, लागली तर मागा, देतो. आणि बाबांना ‘हे विंडोजसारखंच आहे’ असं सांगू नका, वेगळं आहे म्हणून सांगा, खाली कोपऱ्यातली ढाल अपडेटची आणि अपडेट करताना पासवर्ड विचारतो एवढं दाखवा. प्रिंटरचं मॉडेल आणि तो कागद इथे टाकलात तर कुठली ओळ अडेल ते बघून सांगतो.